दोन दाढांचे दहा महिने

डाव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा माझ्या तोंडात नव्हत्या. पहिली २०१३ साली गेली. रूट कॅनाल झालं होतं, वर कॅप बसवायची राहिली होती, आणि एका संध्याकाळी शेंगा खाताना दाढ उभी चिरली. काढली तेव्हाच डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, ही जागा मोकळी ठेवू नका. मुलीची दहावी, मग बारावी, मग यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन, या सगळ्यात ते मागे पडलं. शेजारची दाढ आधार गेल्यानं हळूहळू पुढे कलली, त्या फटीत अन्न अडकायला लागलं, बाजूनं कीड लागली आणि २०१८ मध्ये तीही काढावी लागली. पुढची पाच वर्षं मी फक्त उजव्या बाजूनं जेवले.

जेवणं हळू झालं होतं. कारखान्यात डब्याची सुट्टी अर्धा तास असते. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. बाकीच्या बायकांचे डबे धुऊन व्हायचे तरी माझी अर्धी भाकरी शिल्लक असायची. कडक भाकरी तर मी दुधात किंवा आमटीत भिजवल्याशिवाय खातच नव्हते. सोलापूरच्या घरात हे लगेच लक्षात येतं, पण कुणी काही बोलत नाही, मुकाट्यानं वाटी पुढे सरकवतात.

२२ सप्टेंबर २०२३ ला, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, कानवला चावताना उजव्या वरच्या दातातून कळ आली. दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. त्या पंधरा वर्षं आमच्या घराचे दात बघतात. त्यांनी हातात आरसा दिला आणि दाखवलं: उजव्या दाताचा कोपरा तडकला होता, कारण पाच वर्षं सगळा भार त्याच बाजूवर होता. आणि डावीकडे वरची दाढ खालच्या मोकळ्या जागेत उतरायला लागली होती. समोर टेकायला काही नसलं की दात खाली सरकत जातो, हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे दोन दाढा गेल्या, आणि त्यांच्यामुळे आणखी दोन दात जायच्या वाटेवर होते. त्या दिवशी मी ठरवलं.

मॅडमनी पर्याय सांगितले. ब्रिज करायचा तर मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना दात लागतो. माझ्या दोन्ही दाढा अगदी शेवटच्या होत्या आणि त्या बाजूची अक्कलदाढ कधी आलीच नव्हती, त्यामुळे मागे आधार नव्हता आणि ब्रिज बाद झाला. काढघालीची कवळी मी २०१९ मध्ये करून बघितली होती. तिच्याखाली अन्न जायचं, जिभेला ती परकी वाटायची, आणि दोन महिन्यांत ती डबीत गेली ती गेलीच. राहिलं इम्प्लांट. म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत थांबायचं, आणि मग त्यावर कॅप लावायची. हाड टायटॅनियमला असं घट्ट धरतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडावर काम करताना दिसलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. हे वाचल्यावर मला धीर आला. काल निघालेली गोष्ट आपल्यावर करून बघतायत अशी जी भीती होती, ती गेली.

मॅडम स्वतः इम्प्लांट करत नाहीत. त्यांच्याकडे दर शनिवारी एक सर्जन येतात. "तरी अजून दोन ठिकाणी विचारून या, मला वाईट वाटणार नाही," असं त्या स्वतःच म्हणाल्या. हा सल्ला फार मोलाचा ठरला.

पहिल्या दवाखान्यात तीनशे रुपये तपासणी फी घेतली आणि "अठरा हजारात इम्प्लांट" असं सांगितलं. मी आनंदानं घरी आले. रात्री यांनी विचारलं, "यात कॅप आहे का?" दुसऱ्या दिवशी फोन केला तर कळलं, अठरा हजार फक्त स्क्रूचे. स्क्रू आणि कॅप यांच्यामधला जोडणारा खुंट, ज्याला अबटमेंट म्हणतात, तो वेगळा. कॅप वेगळी. हाड कमी निघालं तर ते भरण्याचे वेगळे. म्हणून तुम्ही विचाराल तेव्हा एकच वाक्य विचारा: मी चावायला लागेपर्यंत एका दाढेचे एकूण किती? आणि ते कागदावर लिहून घ्या.

दुसऱ्या दवाखान्यात दोनशे रुपये फी होती. तिथे तीन दिवसांत दात देतो म्हणाले, हप्ते बांधून देतो म्हणाले, आणि तोंडाचा स्कॅन व्हायच्या आधी दहा हजार भरायला सांगितले. मी पक्कं बिल मागितलं, तर "बिल हवं असेल तर अठरा टक्के जीएसटी लागेल" असं उत्तर आलं. मी रोज जीएसटीचंच काम करते. आजारावरच्या उपचारांना जीएसटी नाही. केवळ दिसण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक कामाला लागतो, पण चावण्यासाठी दाढ बसवणं त्यात येत नाही. मी तसं सांगितलं तेव्हा काउंटरवरची मुलगी गप्प झाली. तिचा दोष नव्हता, तिला जे शिकवलं ते ती बोलत होती. पण जिथे बिलाच्या बाबतीत खोटं सांगतात तिथे हाडाच्या बाबतीत खरं सांगतील हा भरवसा मला राहिला नाही. तीन दिवसांत दात देणं काही रुग्णांत खरंच जमतं, ते फसवणूकच असतं असं नाही. पण माझं हाड न बघता तसं कुणी कसं सांगू शकेल?

शेवटी मॅडमकडेच करायचं ठरलं. एक गोष्ट मात्र मी आधी मोकळेपणानं विचारली. सर्जन फक्त शनिवारी येतात, मग मंगळवारी रात्री काही झालं तर मी कुणाकडे जायचं? मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे. जबाबदारी माझी, नंबर माझा." त्यांनी तो कागदावर लिहून दिला. बाहेरून सर्जन बोलावणाऱ्या कुठल्याही दवाखान्यात हा प्रश्न विचारायलाच हवा.

मला वाटलं होतं आता पुढच्या शनिवारी काम होईल. सर्जनांनी आधी रक्त तपासायला लावलं. मला सात वर्षांपासून साखर आहे. ९ ऑक्टोबरला एचबीए१सी आलं ८.८. ते म्हणाले, साडेसातच्या खाली आणा, मग या. वाढलेल्या साखरेत जखम नीट भरत नाही, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि हाड स्क्रूला धरेल याचा भरवसा कमी होतो. एचबीए१सी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात गोड बंद करून ते उतरत नाही. तीन महिने थांबणं आलंच.

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर मला रडू आलं. दाताच्या कामासाठी धीर गोळा केला होता आणि आता तो तीन महिने तसाच धरून ठेवायचा होता. घरी आल्यावर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "पाच वर्सं थांबलीस की गं. तीन महिन्याचं काय घेऊन बसलीस?" त्या क्वचित बोलतात. दुसऱ्या दिवसापासून रात्री जेवणानंतर त्या स्वतः चपला घालून दारात उभ्या राहायला लागल्या, मला चालायला नेण्यासाठी. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीतून निघून मोठ्या रस्त्यापर्यंत आणि परत, चाळीस मिनिटं. दिवाळी त्याच काळात गेली. आमच्या साखरेच्या डॉक्टरांनी एक गोळी बदलली. मी भात एका वेळेवर आणला. गड्ड्याची यात्रा संपता संपता, १७ जानेवारी २०२४ ला, रिपोर्ट आला: ७.१.

मधल्या काळात पैशाचीही सोय झाली. डिसेंबरची भिशी माझ्या नावावर निघाली, चाळीस हजार. बाकीचे टप्प्याटप्प्यानं द्यायचे असं मॅडमशी ठरलं होतं.

२० जानेवारीला सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, झाला. सगळे दात एकत्र दिसणारा साधा ओपीजी एक्स-रे आधीच काढलेला होता, पण त्यात हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. सीबीसीटीत तुम्ही उभे किंवा बसलेले असता, हनुवटी टेकवून दात एका पट्टीवर धरायचे आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. अर्ध्या मिनिटाच्या आत काम होतं. कानातलं, नाकातली मोरणी, मंगळसूत्र सगळं काढायला लावतात, तेव्हा घरूनच काढून जा. खालच्या जबड्याचे १८०० रुपये घेतले. फिल्मसोबत सीडी मागून घ्या. सर्जनला मोजमाप करायला तीच लागते.

सर्जनांनी स्क्रीनवर जबड्याचा आडवा काप दाखवला. खालच्या जबड्यातून एक नस जाते, तिच्यामुळे ओठाला आणि हनुवटीला संवेदना असते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, म्हणून स्क्रूचं टोक आणि नस यांच्यात किमान दोन मिलिमीटर अंतर ठेवतात. माझ्याकडे उंची पुरेशी होती. अडचण जाडीची निघाली. मागच्या दाढेच्या जागी साडेसहा मिलिमीटर हाड होतं, आणि पुढच्या, म्हणजे २०१३ मध्ये काढलेल्या दाढेच्या जागी जेमतेम पावणेपाच. दात काढला की तिथलं हाड वापरात राहत नाही आणि झिजत जातं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त झिजतं. दहा वर्षं टाळाटाळ केल्याचा हिशेब माझ्यासमोर मिलिमीटरमध्ये मांडलेला होता. आता तिथे हाडाची भर घालावी लागणार होती, आणि त्यामुळे थांबण्याचा काळ तीन महिन्यांऐवजी साडेचारवर जाणार होता.

भर कशाची घालणार, हे मी विचारलं. आमच्या घरात मांसाहार नाही. सर्जनांनी स्पष्ट सांगितलं की बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी हाडाची पूड जनावराच्या हाडापासून बनवतात आणि वर झाकायचं मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदाही, बहुधा जनावराच्याच कोलॅजनचं असतं. कृत्रिम कणही मिळतात, कॅल्शियम फॉस्फेटचे, आणि झाकायला माझ्याच रक्तातून काढलेला थर वापरता येतो. "तुमच्या केसमध्ये चालेल, भर थोडीच आहे," असं ते म्हणाले. मी तेच निवडलं. ज्यांना या गोष्टीनं फरक पडतो त्यांनी ऑपरेशनच्या आधीच विचारावं. कुणी आपणहून सांगेलच असं नाही, आणि नंतर कळलं तर मनाला लागून राहतं.

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार. आमच्या भागात तेव्हा चार दिवसांआड पाणी यायचं आणि नेमका तोच पाण्याचा दिवस होता. शेजारच्या वहिनींनी किल्ली घेतली आणि टाकी भरायचं त्यांच्यावर सोपवून मी निघाले. साखर असणाऱ्यांनी उपाशी जायचं नसतं. फक्त जागेपुरती भूल देतात, त्यामुळे मी रोजची गोळी आणि पोटभर नाश्ता करून गेले. पोचल्यावर साखर तपासली, १३८ होती. अँटिबायोटिकचा पहिला डोस तासभर आधी घेतला होता. संमतीपत्र मराठीत होतं, चार पानांचं. सगळं वाचलं, दोन शब्द विचारून घेतले, मग सही केली.

आधी हातातून रक्त काढलं, दोन नळ्या, आणि त्या एका छोट्या यंत्रात गरगर फिरवल्या. मला भूल चढेपर्यंत ते झालं. सर्जनांनी चिमट्यानं नळीतून एक पिवळसर, जेलीसारखा लोळा उचलला आणि स्टीलच्या डबीत दाबून त्याची पातळ पट्टी केली. दिव्यापुढे धरली तेव्हा त्यातून उजेड आरपार दिसत होता. माझ्याच रक्ताचा तो तुकडा माझ्याच हाडावर पांघरुणासारखा घालणार होते. भीती त्या क्षणी बरीच कमी झाली.

भुलीची दोन इंजेक्शनं टोचली तेवढंच दुखलं. त्यानंतर दुखणं नाही, पण दाब आणि आवाज असतो. ड्रिल जोरात फिरत नाही, सावकाश गुरगुरतं, आणि हाड तापू नये म्हणून सलाईनची धार सतत चालू असते. ते पाणी घशात जाईल असं वाटून जीव घाबरतो. तेव्हा नाकानं श्वास घ्यायचा आणि डावा हात वर करायचा, असं मॅडमनी आधीच ठरवून दिलं होतं. मी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा ते थांबले. स्क्रू आवळताना एक छोटा पाना वापरतात, ठरलेल्या जोराला तो कट्ट करतो. पुढच्या जागी ३५ न्यूटन-सेंटिमीटरला कट्ट झालं आणि सर्जन मॅडमला "छान पकड आहे" म्हणाले, तेव्हा मी डोळे उघडले. एकूण एक तास वीस मिनिटं लागली. हिरडी पूर्ण शिवून टाकली, बाहेर काहीच दिसत नव्हतं.

त्या दिवशी तीस हजार भरले आणि पावती घेतली. पावतीसोबत दोन छोटे स्टिकर मागून घेतले. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेला स्टिकर असतो. उद्या तुम्ही पुण्याला मुलाकडे राहायला गेलात आणि तिथे काही बिघडलं, तर तिथल्या डॉक्टरांना कुठला पाना लागेल हे त्या स्टिकरवरून कळतं. मी ते फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवले आहेत.

पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, गरम काही नाही. बाहेरून बर्फ, दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आली. गाल चांगला फुगला आणि हनुवटीजवळ पिवळी-निळी छटा उतरली. हे होतं हे सांगितलेलं होतं म्हणून घाबरले नाही. वेदनेची गोळी मला चार दिवस लागली. जेवण म्हणजे ज्वारीची आंबील, ताक, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, सगळं कोमट. सोमवारी रजा टाकली, मंगळवारी कामावर गेले. १२ तारखेला टाके काढले.

आणि मग काहीच नाही. या भागाबद्दल मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. काम झालेलं आहे, दाढ नाहीच आहे, तुम्ही अजूनही उजव्या बाजूनं जेवताय, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. दुखतही नाही, त्यामुळे बरं होतंय की बिघडतंय हेही समजत नाही.

८ मार्चला महाशिवरात्र होती. संध्याकाळी भगर खाऊन चूळ भरली आणि जीभ डाव्या हिरडीवरून फिरली तर काहीतरी गुळगुळीत लागलं. आरशात मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. हिरडीत तांदळाच्या दाण्याएवढी फट आणि तिच्यात चकाकणारा धातू. मला दरदरून घाम आला. सगळं निकामी झालं, भर घातलेलं हाड गेलं, पैसे गेले, असंच वाटलं. रात्री साडेनऊला मॅडमना फोटो पाठवला. पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला. दुखतंय का? नाही. पू, वास? नाही. हलतंय का? नाही. "मग झोपा. सकाळी या."

तो इम्प्लांटच्या तोंडावर बसवलेल्या झाकणाचा स्क्रू होता. हिरडी पातळ असली की कधीकधी तो उघडा पडतो. मॅडमनी जागा साफ केली, क्लोरहेक्सिडीनची जंतुनाशक जेल दिली, आणि अगदी मऊ ब्रशनं तिथे दिवसातून दोनदा घासायला शिकवलं. मी तिथे ब्रश लावायलाच घाबरत होते, त्यामुळे थर साचला होता. दर पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा त्रेचाळीसवर असताना, दुपारी रिक्षानं जाऊन दोन मिनिटांची तपासणी करून यायचं. मी एकही खेप चुकवली नाही.

१५ जूनला दुसरा टप्पा झाला. थोडी भूल देऊन हिरडी उघडली आणि झाकणं काढली. सर्जनांनी स्टीलच्या दांड्यानं पुढच्या इम्प्लांटवर हलकं टिचकावलं. घट्ट, कोरडा, टणक आवाज आला, घागरीला तडा नाही हे बघताना बोटाचं टोक मारतो ना, तसा. "ऐकलंत?" ते म्हणाले. "हाडानं धरलंय." एक्स-रेतही हाड स्क्रूला चिकटून दिसत होतं. मला जे साडेचार महिने कळत नव्हतं ते त्या एका आवाजात कळलं. तिथे हीलिंग कॅप लावल्या, म्हणजे हिरडीला दाढेच्या गळ्याचा आकार यावा म्हणून छोटी धातूची बुचं. पंधरा हजार भरले.

६ जुलैला माप घेतलं. आषाढी जवळ आली होती, वाटेत दिंड्या लागल्या आणि मी अर्धा तास उशिरा पोचले. इम्प्लांटचं माप साध्या कॅपपेक्षा वेगळं असतं, त्यात खास खुंट लावून घेतात. शेड ठरवायला मॅडमनी मला खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात उभं केलं. माझ्या समोरच्या दातांना पिवळसर झाक आहे आणि तीच शेड त्यांनी निवडली. सोळा हजार त्या दिवशी दिले. कॅप झिर्कोनियाच्या, म्हणजे दातासारख्या दिसणाऱ्या कडक सिरॅमिकच्या, आणि स्क्रूनं बसवायच्या, असं आधीच ठरवलं होतं. सिमेंटनं चिकटवलेल्या कॅपखाली जास्तीचं सिमेंट हिरडीत राहिलं तर पुढे त्रास होतो. स्क्रूची कॅप पुन्हा उघडता येते. वरून जे भोक राहतं ते दाताच्या रंगाच्या मसाल्यानं बंद करतात.

कॅप पुण्याच्या लॅबमधून बनून आल्या. पहिल्या वेळी पुढची कॅप किंचित उंच लागली, दात मिटताच तीच आधी टेकत होती. मॅडम निळा कागद दातांत धरायला लावून, जिथे ठसा उमटेल तिथे घासत होत्या. वरची खाली उतरलेली दाढही दीड मिलिमीटर घासावी लागली. या कामाला पाऊण तास लागला आणि त्यांनी अजिबात घाई केली नाही. इथे तुम्हीही घाई करू नका. "ठीक वाटतंय" असं संकोचानं म्हणू नका. आपल्या दाताभोवती एक बारीक उशी असते, दाब पडला की ती जाणवून देते. इम्प्लांटला ती नाही, ते थेट हाडात असतं. कॅप उंच राहिली तर तुम्हाला कळणारही नाही आणि सगळा भार स्क्रूवर जाईल. २० जुलैला काम पूर्ण झालं आणि शेवटचे आठ हजार दिले.

दवाखान्याचा एकूण खर्च ६९,००० रुपये: दोन इम्प्लांट खुंटासकट ४४,०००, हाडाची भर ९,०००, दोन कॅप १६,०००. वरचा खर्च ६,९९० झाला. त्यात तपासणी फी, ओपीजी, सीबीसीटी, रक्ताच्या चाचण्या, औषधं आणि शेवटी घेतलेलं दात साफ करायचं पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र आलं. म्हणजे ७५,९९०.

ऑफिसच्या विम्यातून काही मिळेल म्हणून मी सगळी बिलं, स्कॅन आणि डॉक्टरांचं पत्र जोडून दावा टाकला. अकरा दिवसांनी नकार आला. अपघातात दात गेला आणि त्यासाठी भरती व्हावं लागलं तरच पॉलिसीत दाताचा खर्च बसतो. पॉलिसीच्या कागदात ते लिहिलेलं होतं, मी आधी वाचायला हवं होतं. मात्र तुमच्या आईवडिलांचं काम असेल, त्यांचं वय साठच्या वर असेल आणि त्यांच्या नावावर आरोग्य विमा नसेल, तर मी हे केलं त्या वर्षी प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत ८०डी कलमाखाली त्यांच्या उपचाराचा वर्षाला ५० हजारांपर्यंतचा खर्च दाखवता येत होता. अट एकच, पैसे रोखीनं दिलेले नसावेत. म्हणून प्रत्येक टप्प्याला यूपीआय किंवा चेकनं द्या आणि पावती घ्या.

पहिला आठवडा डाव्या बाजूनं चावायला मन धजावत नव्हतं. मग केळं, मग पोळी, मग काकडी. घास डावीकडे गेला की जीभ आपोआप तो उजवीकडे ढकलायची, पाच वर्षांची सवय. ती जायला महिना लागला. कडक भाकरी मी नागपंचमीला खाल्ली, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर. आत्या समोर बसल्या होत्या. त्यांनी आमटीची वाटी नेहमीसारखी पुढे सरकवली आणि भाकरी मोडल्याचा आवाज ऐकून परत घेतली.

१८ जानेवारी २०२५ ला सहा महिन्यांची तपासणी झाली. एक्स-रे चांगला आहे. एचबीए१सी ६.९. रोज रात्री दोन्ही कॅपांच्या मधून बारीक ब्रश फिरवते, कारण इम्प्लांटला कीड लागत नसली तरी भोवतालच्या हिरडीला सूज येऊन हाड झिजू शकतं.

आमच्या शिलाई विभागात, जिथे टॉवेलच्या कडा शिवतात, तिथे एक अक्का आहेत. गेल्या सोमवारी त्यांची खालची दाढ काढली. मिश्री लावायची सवय आहे, ती सोडायला लागेल असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे, कारण तंबाखूनं जखम भरत नाही आणि इम्प्लांट सुटायचा धोका वाढतो. त्या म्हणाल्या, "आधी तुझ्या डॉक्टरीणबाईंना दाखवू, मग बगू." हाड झिजायच्या आत दाखवलं तर माझ्यासारखी भर घालावी लागणार नाही कदाचित. शनिवारी सकाळी साडेदहाला त्यांचा नंबर आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे आणि फाईल पिशवीत घालून ठेवली आहे.